बत्तीस कोरे महिने

१

शुक्रवारी सकाळी दारावरची बेल वाजली तेव्हा शंकाकाकू शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. आठ आडवा अडला होता. पूर्वी असा शब्द अडला की त्या सरळ एक जिना चढून नकाशेकाकांकडे जायच्या. नकाशेकाका कानावरची पेन्सिल काढून शब्द लिहायचे आणि वर टोमणा मारायचे, "नुसत्या शंका घेऊन कोडं सुटत नाही, काकू. शब्द यावा लागतो." नकाशेकाका जाऊन तीन आठवडे झाले होते. आता आठ आडवा अडला की अडलाच.

दारात नकाशेकाकांचा मुलगा उभा होता. वडिलांसारखाच उंच, पण वडिलांचं हसू मात्र घ्यायला विसरलेला. हातात एक पत्र. त्याच्या मागे, दोन पायऱ्या वर, मावशी उभ्या होत्या. गेली पाच वर्षं त्या वरच्या घरात कामाला होत्या. आधी नकाशेकाकांच्या आजारी बायकोची, म्हणजे सगळ्यांच्या बाईंची, शुश्रूषा त्यांनी केली, आणि बाई गेल्यावर काकांना सांभाळलं.

"काकू, तुम्ही विम्यात होतात," मुलगा म्हणाला. "हे वाचा, आणि मला एक तक्रार लिहून द्या."

काकू विमा कंपनीच्या दावे विभागात एकतीस वर्षं होत्या. समोर आलेल्या बिलावर शंका घेणं, याचाच त्यांना पगार मिळत होता. ऑफिसात साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना शंकाबाई म्हणायचे. निवृत्त होऊन त्या इमारतीत पूर्णवेळ राहायला लागल्या आणि शंकाबाईच्या शंकाकाकू झाल्या, शंका काही सुटली नाही.

पत्र त्यांच्याच जुन्या कंपनीचं होतं. नकाशेकाकांच्या हॉस्पिटलच्या शेवटच्या बिलाची तपासणी करताना असं आढळलं होतं की, हृदयाची जी गोळी त्यांनी रोज घ्यायची होती, ती गेल्या बत्तीस महिन्यांत एकदाही विकत घेतल्याची नोंद नाही. पुढे तीन शब्द होते: 'औषधोपचारात अक्षम्य हयगय'. काकूंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. हे तीन शब्द त्यांनी स्वतःच्या बोटांनी किती पत्रांत टाइप केले होते, त्याची गणती नव्हती.

"दर रविवारी मी फोनवर विचारायचो, बाबा गोळ्या घेतात ना?" मुलगा म्हणाला. "या म्हणायच्या, हो, घेतात. बत्तीस महिने हो म्हणत होत्या. यांच्या संस्थेला मी काल फोन केलाय. सोमवारी पोलिसांत जाणार."

संस्था म्हणजे आजाऱ्यांकडे बायका पाठवणारं ऑफिस. तिथल्या यादीतून एकदा नाव गेलं की या शहरात कुणी दारात उभं करणार नाही, हे काकूंना माहीत होतं. मावशी अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. त्यांच्याजवळ इस्टेट म्हणून जे काही होतं ते एवढंच, की आजवर त्यांच्याबद्दल कुणी वावगा शब्द काढला नव्हता.

"काकू, त्यांनी रोज गोळी घेतली," मावशी खालच्या आवाजात म्हणाल्या. "सकाळी सातला. माझ्यासमोर."

"मग आणली कुठून?" मुलाने विचारलं.

"ते मला माहीत नाही."

काकूंचा एकतीस वर्षांचा नियम असा होता की जे कागदावर नाही ते घडलेलंच नाही. त्या हिशेबाने मावशी दोषी होत्या आणि तक्रार दहा मिनिटांत लिहून झाली असती. पण त्याच एकतीस वर्षांत काकूंनी नाना तऱ्हेचे खोटारडे पाहिले होते, आणि 'मला माहीत नाही' म्हणणारा त्यांत एकही नव्हता. खोटारड्याकडे प्रत्येक उत्तर तयार असतं.

"सोमवारपर्यंत थांब," त्या मुलाला म्हणाल्या. "आधी मला तुझ्या बाबांची खोली बघू दे."

२

खोली होती तशीच होती. नकाशेकाकांनी उभा जन्म पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढण्यात घालवला होता. कुठल्या रस्त्याखाली कुठला नळ कुठे वळतो, ते डोळे मिटून सांगायचे. निवृत्तीनंतरही खिडकीशी तिरकं टेबल मांडून त्यांचं रेघा ओढणं चालूच होतं. ते टेबल पाहून काकूंना भरून आलं. त्यांनी ते लपवलंही नाही. पदर डोळ्यांना लावला आणि मग कामाला लागल्या.

"गोळ्या कशात ठेवायचे?"

मावशींनी एक स्टीलची चपटी डबी पुढे केली. "ही बाईंची. त्या गेल्यावर काकांनी घेतली. आणल्या दिवशीच बाटलीतल्या सगळ्या गोळ्या हिच्यात ओतायचे."

डबीत नऊ गोळ्या उरल्या होत्या.

"परवा आणून टाकल्या असतील," मुलगा दारातून म्हणाला.

"आणि बाटल्या?" काकूंनी मावशींना विचारलं.

"त्या टेबलावर. काका काही टाकायचे नाहीत हो. गरम पाण्यात भिजवून लेबल काढायचे, पुसायचे, आणि टाचण्या भरायच्या."

टेबलाच्या कडेला बाटल्यांची रांग होती. एकीत टाचण्या, दुसरीत निबा, तिसरीत खोडरबराचे तुकडे. काकूंनी मोजल्या. अकरा निघाल्या. सगळ्या एका मापाच्या, सगळ्यांची झाकणं निळी, आणि लेबल एकीवरही नाही. टापटीप माणूस आपल्या निर्दोष कामवालीला कसा गोत्यात आणू शकतो, याचा हा नमुना होता.

"मावशी, काका स्वतः बाहेर जायचे?"

"रोज खालच्या बागेपर्यंत. आणि तीन-तीन महिन्यांनी एकदा लांब. इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश. मी म्हणायचे, मी येते. तर म्हणायचे, केस कापायला जातोय, तिथे तुझं काय काम? अर्धा दिवस घालवून यायचे. आणि केस तेवढेच." मावशी किंचित हसल्या. "समोरच्या बाजूने बस धरायचे. मी कधी विचारलं नाही. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचं एखादं तरी काम आपल्याला माहीत नसावं."

"बाई होत्या तेव्हा औषधं कोण आणायचं?"

"काकांची ते स्वतः आणायचे, कोपऱ्यावरून, दर महिन्याला. बाईंची बाई स्वतः. त्यांना विमा नव्हता, शिकवायच्या ती शाळा खाजगी होती ना. कसलंतरी कार्ड होतं त्यांच्याकडे. पार अंथरुणाला खिळेपर्यंत स्वतः जायच्या."

काकूंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग टेबलाचा खण उघडला. गेल्या दोन वर्षांची कॅलेंडरंही त्यात गुंडाळून ठेवली होती, हे त्यांना अपेक्षितच होतं. तिन्ही कॅलेंडरांवर तीन-तीन महिन्यांच्या अंतराने एका तारखेला कंपासने बारीक वर्तुळ काढलेलं होतं आणि शेजारी सुवाच्य अक्षरात दोन शब्द लिहिले होते. शेवटचं वर्तुळ नकाशेकाका गेल्यानंतरच्या शनिवारी होतं.

मुलगा पुढे आला आणि वाचून थबकला.

'तिची भेट.'

"म्हणजे," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला, "आई जाऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हापासून बाबा कुणा बाईला भेटायला जात होते?"

३

म्हातारपणी माणूस काय करील याचा नेम नाही, हे काकूंनाही मान्य होतं. पण केस कापायचं निमित्त सांगून प्रेयसीला भेटायला जाणारा माणूस निदान केस तरी कापून गेला असता.

दुपारी त्या आधी डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, "नाडी बघून मी सांगू शकतो की ते गोळी घेत होते. पण विमा कंपनी माझ्या बोटांवर विश्वास ठेवणार नाही. तुम्हाला माहीतच आहे." काकूंना ते फारच माहीत होतं. "एक आठवतं," डॉक्टर पुढे म्हणाले. "पूर्वी ते तीस दिवसांची चिठ्ठी न्यायचे. बाई गेल्यावर म्हणाले, नव्वद दिवसांची द्या. मी दिली."

काकू जिना उतरता उतरता थांबल्या. कंपनीचा नियम त्यांना तोंडपाठ होता. विम्यावर एका वेळी तीसच दिवसांचं औषध मिळतं, एकतिसावी गोळीही मिळत नाही. मग विम्याच्या माणसाला नव्वद दिवसांची चिठ्ठी कशाला लागावी?

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे संध्याकाळची गर्दी होती. काकूंनी एक गोळी आणि एक निळ्या झाकणाची बाटली रुमालात बांधून आणली होती. पुढे एक गृहस्थ उभे होते. औषधवाल्याने त्यांची चिठ्ठी पाहिली आणि रोज शंभर वेळा विचारतात त्या सुरात विचारलं, "विमा लावू की कार्ड?"

"दोन्ही लावा की."

"दोन्ही एकदम लागत नाही, साहेब. एका बिलाला एकच. कार्डावर स्वस्त पडतंय, कार्ड लावतो."

काकूंचा रुमाल हातातच राहिला. त्यांचा नंबर आला तेव्हा गोळी दाखवायची सोडून त्यांनी विचारलं, "हे कार्ड म्हणजे नक्की काय असतं हो?"

"काकू, तुम्ही विम्यातल्या, आणि मला विचारता?"

"आमच्याकडे कार्डाचं बिल कधी आलंच नाही."

"येईल कसं?" औषधवाला हसला. "ते दुकानाचं सभासदत्व असतं. वर्षाला ठरलेली फी भरायची. मग यादीतली औषधं दुकान सवलतीत देतं, नेहमीची, जुनी, सगळ्या कंपन्या बनवतात ती. तीस दिवसांचा एक दर, नव्वद दिवसांचा दुसरा. नव्वदचं घेतलं की जास्त सुटतं. एका कार्डावर घरातली सगळी माणसं येतात. पण तो विमा नाही. यात तिसरा कुणी पैसे भरतच नाही, गिऱ्हाईक आणि दुकान, दोघांचाच व्यवहार. मग बिल विमा कंपनीला कळवायचं कशाला?"

"म्हणजे कार्डावर घेतलेलं औषध विम्याच्या नोंदीत दिसत नाही."

"कसं दिसणार?"

काकूंनी मग गोळी दाखवली. औषध तेच होतं, हृदयाचं, फक्त बनवणारी कंपनी वेगळी. "आमच्याकडे ही कंपनी नसते. आणि आमची झाकणं पांढरी," औषधवाला म्हणाला. "नकाशेकाका बाई गेल्यापासून माझ्याकडे फिरकलेच नाहीत. मला वाटलं माझ्यावर रागावले."

काकू बाहेर बाकावर येऊन बसल्या. कोडं निम्मं सुटलं होतं, पण आनंद होईना. त्यांना त्यांचं ऑफिस आठवलं. लाकडी टेबलं, कार्बनचे कागद, चार वाजताचा चहा, आणि शेजारच्या टेबलावरची मैत्रीण, जी म्हणायची, "शंकाबाई, आज किती जणांना नापास केलंस?" सगळे हसायचे. काकूही हसायच्या. किती सुखाचे दिवस होते ते. आणि त्या सुखाच्या दिवसांत, नोंद कोरी दिसली की त्या 'हयगय' टाइप करून मोकळ्या व्हायच्या. त्यातल्या किती जणांच्या खिशात असं एखादं कार्ड असेल, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. नावातच तेवढी शंका होती. खरी शंका जिथे घ्यायची तिथे त्यांनी ती घेतली नव्हती, आणि हे त्यांना फार लागलं.

कुठलं दुकान, हे आता उघड होतं. नकाशेकाका आणि बाई या इमारतीत येण्याआधी तीस वर्षं ज्या गल्लीत राहिले, तिकडे जाणारी बस समोरच्या बाजूनेच सुटायची.

४

शनिवारी सकाळी काकू एकट्याच गेल्या. बसने चाळीस मिनिटं लागली. गल्लीच्या तोंडाशी चांभाराचं दुकान, मग शाळा, आणि शाळेच्या भिंतीला लागून औषधांचं दुकान. बाईंनी याच शाळेत शिकवलं होतं. दुकानात मागच्या भिंतीला अजून छोट्या लाकडी खणांचं कपाट होतं, प्रत्येक खणाला पितळी मूठ. पूर्वी त्यांत पुड्या असायच्या, आता बहुधा बिलांची गुंडाळी. कपाटासमोर कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरशेजारी रिकाम्या बाटल्यांची टोपली. सगळी झाकणं निळी.

काउंटरवरची फार्मासिस्ट चाळिशीची होती, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. काकूंनी नकाशेकाकांचं पूर्ण नाव सांगितलं आणि विचारलं, हे तुमचे सभासद होते का?

"अशी माहिती आम्ही कुणालाही देत नाही."

"बरोबर आहे. देऊ नका. फक्त नाही असेल तर नाही म्हणा, म्हणजे मी परत जाते."

फार्मासिस्टने नाव टाइप केलं. काकूंची नजर टाळून, पडद्याकडे पाहत म्हणाली, "या नावाचा सभासद नाही."

सोमवार दोन दिवसांवर होता. त्या वळल्या, दारापर्यंत गेल्या, आणि तिथे त्यांना औषधवाल्याचं बोलणं आठवलं. एका कार्डावर घरातली सगळी माणसं येतात.

त्या परत आल्या. "त्यांच्या बायकोच्या नावाने पाहता का? या शेजारच्या शाळेत शिकवायच्या. त्यांना जाऊन तीन वर्षं होतील."

फार्मासिस्टची बोटं कळफलकावर होती ती हललीच नाहीत. पाहायची गरजच पडली नाही तिला. तिने मान वर केली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

"काका आले नाहीत या वेळी," ती म्हणाली. "आजारी आहेत का?"

काकूंनी सांगितलं. मग मावशींचंही सांगितलं. फार्मासिस्ट बराच वेळ काउंटरच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"त्यांच्या मुलाला घेऊन या," शेवटी ती म्हणाली. "मुलगा समोर असेल तर मला बोलता येईल. सोमवारी सकाळी, दुकान उघडल्यावर. आणि कृपा करून, बाकावर बसायला सांगा. मी हाक मारीन."

५

सोमवारी मुलगा पोलिसांत जायच्या ऐवजी बसमध्ये काकूंशेजारी बसला होता, आणि त्याला ते पसंत नव्हतं. चाळीस मिनिटांत काकूंनी त्याच्यासमोर सगळं मांडलं, एकेक रेघ, नकाशेकाकांनी मांडली असती तशी.

"डबीत नऊ गोळ्या. बाटल्या अकरा. प्रत्येकीत नव्वद. गुणाकार कर, नऊ वजा कर, आणि महिने काढ. बत्तीस येतात. कंपनीचे कोरे महिने बत्तीसच. मावशींनी परवा गोळ्या आणून टाकल्या असत्या, तर अकरा बाटल्याही आणून, भिजवून, त्यांत टाचण्या भरून ठेवल्या असत्या का?"

"पण मग नोंद?"

"नोंद विम्याची. तुझ्या बाबांनी गोळ्या घेतल्या आईच्या कार्डावर. विमा आणि कार्ड एकत्र चालत नाही, म्हणून विम्याच्या बाजूला पान कोरं. ते पान वाचून कंपनी फसली, तू फसलास, आणि पहिल्या दिवशी मीही फसले."

मुलगा खिडकीबाहेर पाहत राहिला. मग म्हणाला, "बाबांना विम्यात गोळी जवळजवळ फुकट पडत होती. कार्डाची फी, बसचं भाडं, अर्धा दिवस. कशासाठी? आणि ती 'भेट' कुणाची?"

"ते मला सुटलेलं नाही," काकूंनी कबूल केलं. "कसं झालं ते मला कळलं. का, ते नाही."

दुकानात भिंतीलगतच्या बाकावर आठ-दहा माणसं बसली होती. दोघं त्यांत जाऊन बसले. इथली पद्धत जुनी होती. तयार झालेलं औषध पिशवीत घालून पिशवी कार्ड ज्याच्या नावाचं त्याच्या नावाने लावायची, आणि हाकही त्याच नावाने मारायची, मग औषध घरातल्या कुणाचंही असो. कुणी आजोबा नातवाच्या खोकल्यासाठी उठत होते, कुणी बाई सासऱ्यांच्या मधुमेहासाठी.

फार्मासिस्टने बाकाकडे एकदा पाहिलं, एक पिशवी उचलली आणि मोठ्याने, स्वच्छ आवाजात हाक मारली. नकाशेकाकांच्या बायकोचं नाव. आधी तिचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. पूर्ण नाव, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं.

मुलगा ताडकन उभा राहिला. आईची हाक ऐकून लहान मूल उठतं, त्यापेक्षा वेगळं काही ते नव्हतं. उभा राहिला आणि मग त्याला पुढे जाता येईना. काकूंनी त्याचा दंड धरला.

"जवळजवळ तीन वर्षांपूर्वी काका कार्ड बंद करायला आले होते," काउंटरशी फार्मासिस्ट हळू आवाजात सांगू लागली. "बाईंचं शेवटचं औषध तयार होऊन पडलं होतं. मला बातमी ठाऊक नव्हती. मी नेहमीसारखी हाक मारली. काका बाकावर बसले होते. उठले, इथे आले, आणि मला म्हणाले, 'गेल्यापासून कुणी तिचं नाव मोठ्याने घेतलेलं नाही. घरात सगळे जपून बोलतात. तू पुन्हा एकदा घेशील?' मी घेतलं. मग त्यांनी कार्ड बंद केलं नाही. त्यावर स्वतःची चिठ्ठी लावली. दर वर्षी फी भरली."

"आणि दर तीन महिन्यांनी..." मुलगा म्हणाला.

"अर्धा तास आधी येऊन बसायचे. औषध तयार असलं तरी म्हणायचे, घाई नाही, आधी बाकीच्यांचं होऊ दे. सगळ्यात शेवटी मी हाक मारायची. म्हणायचे, तिच्या नावात मधोमध माझंही आहे, दोघांना एकदम बोलावल्यासारखं वाटतं." ती थांबली. "नियमाने कार्ड त्यांच्या नावावर करायला हवं होतं. फॉर्म मी दर वर्षी पुढे करायचे. ते म्हणायचे, पुढच्या वेळी. मला बाईंनी चौथीत शिकवलंय. मी जोर केला नाही. वरून विचारणा झाली तर देईन उत्तर."

तिने खरेदीची छापील यादी काढली. अकरा ओळी, अकरा तारखा. प्रत्येक तारीख वर्तुळातली. खाली तिने सही केली आणि शिक्का मारला.

"न नेलेलं औषध दोन आठवड्यांनी परत कपाटात जातं," पिशवीकडे पाहत ती म्हणाली. "हे मी ठेवून घेतलं होतं. आता हे मला परतच घ्यावं लागेल. पण एकदा हाक मारल्याशिवाय नको वाटलं."

मुलगा काउंटरला धरून रडला. बाकावरच्या माणसांनी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. काकूही रडल्या, पण त्यांचं रडणं थोडं त्या जुन्या पत्रांसाठीही होतं.

६

घरी मावशी आपली पिशवी भरून जिन्यावर बसल्या होत्या. संस्थेने सकाळी कळवलं होतं की चौकशी होईपर्यंत काम मिळणार नाही. मुलगा त्यांच्यासमोर खालच्या पायरीवर बसला. इतका उंच माणूस त्यांच्याहून खाली बसल्यावर मावशींना अवघडल्यासारखं झालं आणि त्या उठू लागल्या.

"बसा, मावशी. मी चुकलो," तो म्हणाला. "बाबा गोळी घेत होते. रोज. तुम्ही सांगत होता ते सगळं खरं होतं. मला माफ करा."

मावशी पुन्हा खाली बसल्या. मग विचारलं, "कुठे जायचे काका?"

त्याने सांगितलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे पुसले. "सांगितलं असतं तर मी घरातही घेतलं असतं की बाईंचं नाव," त्या म्हणाल्या. "मीच टाळायचे. म्हटलं, काकांना त्रास होईल."

"माझंही तेच," मुलगा म्हणाला.

"मावशी, माझ्यावर राग आहे ना?"

"आहे," मावशी शांतपणे म्हणाल्या. "जाईल. पण तोंडाने माफी मागून माझं काम होणार नाही, दादा. संस्थेला तुम्ही फोन केलात तेव्हा त्यांनी वहीत लिहून घेतलं. माझं नाव त्या वहीत आहे. आता मलाही कागदच पाहिजे."

मुलाने काकूंकडे पाहिलं. काकू आत गेल्या आणि कागद, पेन आणि चष्मा घेऊन आल्या. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो पत्रं लिहिली होती, पण कुणाला निर्दोष ठरवणारं एकही लिहिल्याचं त्यांना आठवेना. सुरुवात कशी करतात हेच सुचेना. त्यांनी वर फक्त तारीख घातली.

"मावशी," त्या म्हणाल्या, "काय लिहू, तुम्हीच सांगा."

मावशींनी पदर नीट केला, पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि विचार केला.

"आधी माझं नाव लिहा," त्या म्हणाल्या. "पूर्ण."

पाच वर्षं ज्या बाईला सगळी इमारत मावशी म्हणत होती, तिचं पूर्ण नाव आपल्याला माहीत नाही, हे काकूंना तेव्हा कळलं. त्यांनी ते विचारलं. मावशींनी ते तीन भागांत, सावकाश सांगितलं, आणि मुलाने वाकून ते बरोबर लिहिलं गेलंय ना ते पाहिलं.